व्हेनिसमधलं दुपारचं जेवण: पाटीवर १५ युरो, बिलावर २८५

व्हेनिसला एका दिवसासाठी आलेल्या माणसाला गंडा घालायची हक्काची वेळ म्हणजे दुपारचा दीड. सकाळी शहराच्या कडेच्या ट्रोंकेत्तो बसतळावर बस लागते, तिथून बोटीने सान मार्को या मुख्य चौकाजवळ उतरवतात. डोजेचा, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या सत्ताधीशाचा, राजवाडा, बॅसिलिका, फोटो, काचेच्या कारखान्यातलं प्रात्यक्षिक, आणि मग 'तीन वाजता इथेच भेटा' म्हणून सगळ्यांना मोकळं सोडतात. महाराष्ट्रातून जाणाऱ्या अनेक ग्रुप टूर व्हेनिस असंच उरकतात. पोटात कावळे, हातात दीड तास, पायांचे तुकडे पडलेले. नेमक्या त्या वेळी समोर फोटोंचा मेनू घेऊन कोणीतरी उभा असतो आणि त्याच्या मागे पाटी असते: 'मेनू तुरिस्तिको, १५ युरो'.

त्या पाटीवरून आत गेलेल्या चौघांचं बिल कसं फुगतं ते आकड्यांतच बघा. हे कोणा एकाचं बिल नाही, पण सान मार्को चौक ते रियाल्तो पूल या पट्ट्यात अशीच बिलं होतात. कोपेर्तो, म्हणजे बसण्याचा आकार, माणशी ३ प्रमाणे १२ युरो. पाण्याच्या दोन बाटल्या १०. वेटरने 'टेबलासाठी आणतो' म्हणून आणलेल्या मिक्स स्टार्टरच्या दोन थाळ्या ४८. पास्ता दोन, ३४. मासा एक, ११२. सोबतच्या भाज्या १४. अर्धा लिटर वाईन १४. चार कॉफी १२. झाले २५६. त्यातला कोपेर्तो वगळून उरलेल्या २४४ वर १२ टक्के सर्व्हिस, म्हणजे आणखी २९ युरो आणि वर काही सेंट. एकूण २८५. पाटीप्रमाणे ६० व्हायला हवे होते.

गंमत अशी की यातलं जवळजवळ सगळं मेनूकार्डावर लिहिलेलं असतं. म्हणूनच नंतर भांडून हाती काही लागत नाही. १५ युरोंचा मेनूही खोटा नसतो. तो वेगळ्या कागदावर असतो, आणि तो कागद टेबलावर येतच नाही. येतं ते जाडजूड कार्ड. म्हणून बसण्याआधी पाटीचा फोटो काढायचा आणि वेटरला तो दाखवून 'हाच मेनू, चौघांना' एवढंच म्हणायचं. 'तो संपला' असं उत्तर आलं तर उठायचं. ऑर्डर दिलेली नसताना उठून जायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि कोपेर्तोही द्यावा लागत नाही.

सगळ्यात मोठा खड्डा माशाचा. कार्डावर '८ युरो' वाचून मासा स्वस्त वाटतो. त्या आकड्यापुढे बारीक अक्षरात 'एत्तो' किंवा 'एच-जी' असतं. दोन्हींचा अर्थ एकच, १०० ग्रॅम. भाव कच्च्या, अख्ख्या माशाचा असतो: डोकं, काटे, शेपूट सगळं धरून. वेटर बर्फावर मांडलेल्या माशांचा ट्रे घेऊन येतो, एक बोटाने दाखवतो, 'छान आहे, दोघांना पुरेल' म्हणतो आणि आत निघून जातो. तो मासा १,४०० ग्रॅमचा असतो. चौदा एत्तो गुणिले ८, झाले ११२. भाजून, काटे काढून ताटात येईपर्यंत खाण्याजोगा ऐवज साधारण निम्मा उरतो. वास्तविक एकाला ४०० ते ५०० ग्रॅमचा ब्रान्झिनो (सी बास मासा) भरपूर होतो, दोघांना ८०० ग्रॅम पुष्कळ झाले. काही ठिकाणी किमतीच्या जागी नुसती 'एस. क्यू.' ही अक्षरं असतात. म्हणजे जेवढं वजन तेवढे पैसे, आणि भाव तोंडी.

मुंबईत सिटीलाइटच्या मासळीबाजारात कोळणीने सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरुवात करणारी माणसं इथे पांढऱ्या टेबलक्लॉथपुढे एकदम गप्प होतात. भाव विचारणं म्हणजे आपली गरिबी दिसणं, असं उगाच वाटतं. इटालियन माणूस स्वतः विचारतो. 'क्वांतो पेझा?' म्हणजे वजन किती, आणि 'क्वांतो व्हिएने इन तुत्तो?' म्हणजे एकूण किती होतील. मासा स्वयंपाकघरात जाण्याआधी वजनकाट्यावर ठेवायला लावा आणि एकूण रक्कम वेटरच्या पॅडवर आकड्यात लिहून घ्या. तो कां-कूं करू लागला तर मासा नको म्हणा, पास्त्यावर भागवा. खेकडा आणि लॉब्स्टर यांनाही हेच लागू. फ्लोरेन्सला गेलात तर तिथला बिस्टेका, म्हणजे बीफ स्टेकही असाच वजनावर असतो, आणि एक तुकडा एक किलोच्या आसपास किंवा वरच भरतो.

मिक्स स्टार्टरची खेळी सरळ आहे. न मागता 'थोडं थोडं सगळं' येतं, आणि टेबलावर आलेलं आपण खातो. एक घास खाल्ला की ते तुमचं झालं. परत पाठवायचं तर हात लावण्याआधी. पावाची टोपली मात्र कोपेर्तोतच धरलेली असते, ती खुशाल खा.

कोपेर्तो आणि 'सेर्वित्सिओ', म्हणजे सर्व्हिस, या दोन ओळींवरून वाद घालू नका. कार्डावर छापलेलं असेल तर व्हेनिस ज्या व्हेनेतो प्रांतात येतं तिथे दोन्ही कायदेशीर आहे. रोम ज्या लात्सिओ प्रांतात येतं तिथे २००६ च्या कायद्याने कोपेर्तो बंद केला, म्हणून रोमचा अनुभव घेऊन व्हेनिसला आलेले लोक हमखास चिडतात. सर्व्हिस बिलात लागली असेल तर वर टिप द्यायची गरज नाही. सान मार्को चौकात बँड वाजत असताना टेबलावर बसलं की जुन्या कॅफेंत माणशी संगीताचा आकार लागतो. तोही लिहिलेला असतो. आमच्या मते ती फसवणूक नाही, महागडी हौस आहे. तीच कॉफी आत काउंटरवर उभं राहून प्यायली तर बरीच स्वस्त पडते, कारण इटलीत 'आल बांको', म्हणजे काउंटरवर, आणि 'आल ताव्होलो', म्हणजे टेबलावर, हे दोन वेगळे दर असतात.

खरी लूटही होते. जानेवारी २०१८ मध्ये बोलोन्याहून एका दिवसासाठी आलेल्या चार जपानी विद्यार्थ्यांना सान मार्कोजवळ चार स्टेक, तळलेल्या माशांची एक थाळी आणि पाणी यांचं १,१०० युरोंहून जास्त बिल लावलं गेलं. बोलोन्याला परतल्यावर त्यांनी पोलिसांत तक्रार दिली, प्रकरण जगभर गाजलं, मग तपासणी होऊन त्या रेस्टॉरंटला दंड बसला. तक्रार करता आली कारण हातात बिल होतं.

शाकाहारी मंडळींची फसवणूक वेगळीच, आणि तिच्यात बहुतेक वेळा कोणाचा वाईट हेतू नसतो. 'नो मीट' म्हटलं की व्हेनिसचा वेटर त्या मीटमध्ये मासा धरत नाही. 'बिगोली इन साल्सा' हा जाडसर शेवयांसारखा पास्ता बघायला नुसता कांद्याचा दिसतो. त्यात मासा दिसत नाही, कारण खारवलेले अँचोव्ही कांद्यात पूर्ण विरघळवलेले असतात. पावाच्या तुकड्यावरचा पांढरा, मऊ, लोण्यासारखा गोळा चीजचा समजू नका; तो 'बाकाला मांतेकातो', म्हणजे तेलात घोटलेला सुका कॉड मासा. तळलेल्या 'मोत्सारेल्ला इन कारोत्सा'मध्ये इथे बरेचदा अँचोव्ही किंवा हॅम असतं. रिसोत्तो हा भातही मांसाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. खरं पार्मेजान चीज तर वासराच्या रेनेटशिवाय, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाशिवाय, बनतच नाही. तेव्हा 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा ब्रोदो दि कार्ने', म्हणजे मांस नको, मासा नको, मांसाचं पाणी नको, असं तिन्ही सांगा. बिनघोर पर्याय हवा तर पिझ्झा मरिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल, चीज नाही. नावावरून मासळीचा वाटतो, पण तसा नाही.

आता खायचं कुठे. रेल्वे स्टेशनवरून चालत येणाऱ्यांनी डावीकडे लिस्ता दि स्पान्या हा रस्ता धरायचा आणि तिथे काहीही न खाता पुढे जायचं. पोंते देल्ये गुल्ये पूल ओलांडून लगेच डावीकडे कालव्याकाठाने चालायचं, थोड्या अंतरावर उजव्या हाताच्या बोळातून गेटोत शिरायचं. १५१६ साली ज्यू लोकांना ज्या वस्तीत कोंडलं ती हीच, जगातला पहिला गेटो. गेटोचा चौक ओलांडून उत्तरेच्या पुलावरून उतरलं की फोंदामेंता देल्यी ओर्मेझिनी हा कालव्याकाठचा रस्ता, आणि तीच वाट पुढे मिझेरिकोर्दियाला जाते. स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटं. इथे कालव्याकाठी 'बाकारो', म्हणजे उभ्याने खायच्या वाईनच्या टपऱ्या, रांगेने आहेत.

बोटीने सान मार्कोला उतरलेल्यांनी चौकाकडे पाठ करून पाणी उजव्या हाताला ठेवायचं आणि रिव्हा देल्यी स्किआव्होनी या काठाच्या रस्त्याने सरळ पूर्वेला चालत सुटायचं. पंधरा-वीस मिनिटांत व्हिया गारिबाल्दी हा रस्ता लागतो. हा पूर्वीचा कालवा नेपोलियनच्या काळात बुजवला, म्हणून रस्ता व्हेनिसच्या मानाने विलक्षण रुंद आहे. इथे आजूबाजूचे रहिवासी जेवतात. पश्चिमेला जायचं तर आकादेमिया पुलापलीकडे सान त्रोव्हाझोचा भाग. रियाल्तोच्या बाजारामागच्या गल्ल्याही चांगल्या, पण मासळीबाजार रविवार-सोमवार बंद असतो आणि रविवारी तिथले बरेच बाकारो उघडतच नाहीत.

बाकारोत काचेमागे 'चिकेत्ती', म्हणजे एका-दोन घासांचे पदार्थ, मांडलेले असतात, नगावर भाव, साधारण दीड ते तीन युरो. बोट दाखवून चार-पाच घ्या, सोबत वाईनचा छोटा पेला, ज्याला तिथे 'ओम्ब्रा' म्हणतात. माणशी बारा ते पंधरा युरोंत पोट भरतं. घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: एका नगाला किती, आणि टेबलावर बसलं तर दर बदलतो का. जमलं तर दीडच्या आत पोचा, चांगला माल लवकर संपतो. नीट बसून जेवायचं तर त्राटोरियांची, म्हणजे साध्या रेस्टॉरंटांची, स्वयंपाकघरं साधारण अडीचला बंद होतात. दुपारी चार वाजताही पूर्ण मेनू देणारी जागा मुख्यतः वाटसरूंवरच जगते, हे ओळखून राहा.

पाणी विकत घेऊ नका. शहरभर शंभराहून अधिक नळ आहेत, पाणी पिण्याजोगं आहे, रिकामी बाटली जवळ ठेवा. मात्र डबा उघडून सान मार्कोच्या पायऱ्यांवर किंवा पुलावर बसलात तर १०० ते २०० युरो दंड होऊ शकतो. ठेपले, खाकरे बरोबर नेणाऱ्यांनी बागेतलं बाक गाठावं. २०२४ पासून ठरावीक दिवशी दिवसभराच्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. त्याचा जेवणाशी काही संबंध नाही, त्याच्या नावावर सवलत मिळते असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

बिल आलं की आधी ओळीओळीने मेनूशी ताडून बघा, मेनूचा फोटो फोनमध्ये असेल तर दोन मिनिटांचं काम. पहिला कागद बहुधा कच्चा असतो आणि त्यावर 'नोन फिस्काले', म्हणजे करासाठी न चालणारा, असं लिहिलेलं असतं. पैसे दिल्यावर पक्की पावती, म्हणजे 'दोकुमेंतो कोम्मेर्चाले', मागून घ्या. ती न देणाऱ्याला 'ग्वार्दिया दि फिनांत्सा', म्हणजे आर्थिक पोलिसांचा, धाक असतो, त्यांचा नंबर ११७. न मागितलेला पदार्थ किंवा न सांगितलेलं वजन बिलात असेल तर शांतपणे ती ओळ कापायला सांगा. ऐकलं नाही तर 'पोलित्सिया लोकाले', म्हणजे स्थानिक पोलिसांना, बोलावतो म्हणा, आणि गरज पडली तर ११२ हा आपत्कालीन नंबर लावा. पैसे न देता निघून जाऊ नका, मग गुन्हा तुमच्या अंगावर येतो. बोट सुटायची वेळ झाली असेल तर कार्डाने भरा, पावती आणि मेनूचे फोटो ठेवा, तक्रार मुक्कामाच्या गावी पोचून करा.

कार्ड मशीनवर 'रुपये की युरो' असं विचारलं जातं. रुपये ओळखीचे वाटतात म्हणून लोक तेच दाबतात, आणि विनिमयाचा दर दुकानदाराच्या बाजूची कंपनी लावते, तो बँकेच्या दरापेक्षा चांगलाच महाग पडतो. युरो दाबा. मशीन वेटरच्या हातात असेल तर ते आपल्या हातात घ्या, रक्कम वाचा, टिपचा पडदा आला तर शून्य टाका, आणि मगच पिन घाला.