आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाचा ‘तयार संच’: पेनं चार, धड पातं एकही नाही

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या आणि महाविद्यालयांच्या आसपासच्या स्टेशनरीच्या दुकानांत आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाचा तयार संच बांधून मिळतो. ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर (बोर्डाला अडकवायची, सांध्यांच्या दांड्यांवर फिरणारी पट्टी), गुण्ये, त्रिकोणी स्केल, पेन्सिली, पेनं, कार्ट्रिज शीट (ड्रॉइंगचा जाड कागद), ट्रेसिंगच्या अर्धपारदर्शक कागदाची गुंडाळी, शीट ठेवायची नळी, आणि मॉडेलसाठी म्हणून एक प्लॅस्टिकचा कटर व फेव्हिकॉलची ट्यूब. बाहेरगावाहून आलेल्या आणि सोमवारी वर्गात बसायचं असलेल्या मुलांना ही सोय वाटते. पण ड्रॉइंगच्या बाजूला हा संच जेमतेम पास आहे आणि मॉडेलच्या बाजूला सपशेल नापास. यादी घेऊन जा आणि सुटं घ्या, असंच आम्ही सांगू.

बोर्ड आधी. ए१ शीट ५९४ × ८४१ मिमीची असते. बोर्ड चारही बाजूंनी तिच्याहून मोठा हवा. दुकानातच स्टीलची पट्टी त्यावर कर्णात उभी धरा आणि डोळा पृष्ठभागाच्या पातळीला आणा. पट्टीखालून उजेड दिसला तर बोर्डाला बाक आलाय, दुसरा काढायला सांगा. दुकानदाराच्या कपाळावर आठी पडेल, पडू द्या.

मिनी ड्राफ्टर ए२ शीटवर चांगला चालतो. ए१ च्या उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत त्याचा हात पुरत नाही, आणि दांड्या पूर्ण ताणल्या की सांध्यांतली ढिलाई रेघेत उतरते. तरी घ्यायचाच असेल तर एक आडवी रेघ मारा, ड्राफ्टर बोर्डभर फिरवून परत त्याच रेघेवर आणा. पट्टी रेघेवर बसली नाही तर स्क्रू सैल आहेत किंवा दांडी वाकलेली आहे. ए१ साठी पॅरलल बार, म्हणजे बोर्डावर तारेच्या आधाराने वर-खाली सरकणारी आडवी पट्टी, केव्हाही बरा. त्याचं एक टोक मागे रेंगाळायला लागलं तर तारेचा ताण उतरलेला असतो. ती आवळली की काम होतं. तेवढे पैसे नसतील तर साधी टी-स्क्वेअरही चालेल, फक्त तिचं डोकं बोर्डाच्या डाव्या कडेला घट्ट टेकवून धरायची सवय लावावी लागते.

गुण्या तपासल्याशिवाय घेऊ नका. टी-स्क्वेअरला टेकवून उभी रेघ मारा, मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन रेघांत जेवढी फट, त्याच्या निम्मी गुण्याची चूक. ३० सेंमी उंचीवर १ मिमी फट म्हणजे अर्धा मिमी चूक, आणि १:१०० च्या नकाशात ती थेट ५ सेंमी होते. शाईची रेघ गुण्याच्या कडेखाली झिरपते त्यावर उपाय स्वस्त आहे: कडेपासून थोडं आत, खालच्या बाजूला मास्किंग टेपचे दोन-तीन थर चिकटवा. कड कागदापासून उचललेली राहते.

पेन्सिलींचा मोठा डबा नको. आखणीला २एच, पक्क्या रेघेला एच किंवा एचबी, स्केचिंगला २बी आणि ४बी, एवढ्यावर वर्ष निघतं. रेघ ओढताना पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवत राहायची, म्हणजे टोक एकाच बाजूने झिजत नाही आणि रेघ शेवटपर्यंत सारख्या जाडीची येते. काम वरून खाली करा, नाहीतर गुण्या सगळं ग्राफाइट शीटभर पुसत नेतो.

पेनांच्या बाबतीत संचात उधळपट्टी असते. ०.१, ०.३ आणि ०.५ मिमी पुरेत: सेक्शनमध्ये (इमारत उभी कापल्यासारखी दाखवणाऱ्या ड्रॉइंगमध्ये) कापल्या गेलेल्या भिंतीला ०.५, मागे दिसणाऱ्या कडांना ०.३, मापं आणि हॅचिंगला (जवळजवळ रेघांच्या भरणीला) ०.१. फायबर टोकाचं ०.१ पेन कार्ट्रिजच्या खरबरीत पृष्ठभागावर लवकर बसतं, म्हणून ते ट्रेसिंगसाठी राखून ठेवा. शाई भरायची टेक्निकल पेनं सुंदर रेघ देतात, पण उभी धरावी लागतात, टोपण उघडं राहिलं की सुकतात आणि टोकातली बारीक तार वाकली की निब गेलंच. पहिल्या वर्षाला हा लाड नको.

ट्रेसिंगबद्दल दुकानदार जे सांगत नाहीत ते इथे सांगतो. जुलै-ऑगस्टच्या पुणेरी हवेत ट्रेसिंग ओल ओढून घेतो आणि फुगतो. संध्याकाळी ताणून चिकटवलेला कागद सकाळी लाटा घेऊन बसतो आणि खालच्या ड्रॉइंगशी जुळत नाही. गुंडाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मगच नळीत ठेवा, चिकटवण्याआधी तासभर बोर्डावर उलगडून ठेवा, आणि एक प्लॅन शक्यतो एका बैठकीत संपवा. चुकलेली शाई ब्लेड जवळजवळ आडवं धरून खरवडायची, मग त्या जागेवर खोडरबर फिरवून मगच नवी रेघ. ट्रेसिंग शाई शोषत नाही, त्यामुळे घाईने गुण्या सरकवला तर ओली रेघ फरफटत जाते.

आता मॉडेल, जिथे हा संच साफ उघडा पडतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड असलेली मुलंसुद्धा इथे अडखळतात, कारण कापणं हे वेगळंच कौशल्य आहे. संचातल्या कटरचं पातं खोबणीत हलतं. कापताना ते तिरकं होतं आणि मॉडेलच्या बोर्डाची खालची कड वरच्या कडेशी जुळत नाही. त्याऐवजी ३० अंशांच्या टोकाचा ९ मिमी कटर घ्या, आणि औषधाच्या दुकानातून ३ नंबरचं सर्जिकल हँडल व ११ नंबरची पाती आणा. खिडक्यांच्या कोपऱ्यांना त्यासारखं दुसरं हत्यार नाही. सोबत ३० सेंमीची स्टीलची पट्टी आणि ए३ कटिंग मॅट. प्लॅस्टिकच्या पट्टीवर कापलं की आधी पट्टी कापली जाते, मग बोट.

फोमबोर्ड, म्हणजे दोन कागदांमध्ये फोम असलेला मॉडेलचा बोर्ड, एका फटक्यात कापायचा नसतो. पहिला हात हलका, फक्त वरचा कागद चिरण्यापुरता, दुसरा फोममधून, तिसरा खालच्या कागदातून. पातं उभं, पट्टीवर तीन बोटांचा दाब, आणि कापणारा हात स्वतःच्या दिशेने येताना दुसऱ्या हाताची बोटं पट्टीच्या कडेपासून आत. कडेला फोमचे दाणे निघायला लागले की पातं बोथट झालंय, टोक मोडा. पात्यांत कंजूषी करणाऱ्यांची मॉडेलं दुरूनच ओळखू येतात.

जाडीचा हिशोब बोर्ड विकत घेण्याआधी करायचा. २३० मिमीची विटांची भिंत १:५० ला ४.६ मिमी येते, म्हणजे ५ मिमी बोर्ड चालून जातो. तीच भिंत १:१०० ला २.३ मिमी, तिथे ३ मिमी बोर्ड लावला तर भिंत ३०० मिमीची दिसते आणि खोल्या आक्रसतात. कोपऱ्यांतही हेच: ५ मिमी बोर्डाची बाहेरून १०० मिमीची चौकोनी पेटी करायची तर दोन बाजू १०० च्या आणि दोन ९० च्या. हे विसरल्यामुळे छप्पर बसत नाही, आणि दोष मात्र फेव्हिकॉलला. चढाच्या जागेचं मॉडेल असेल तर १:२०० ला १ मीटरचा कंटूर (जमिनीच्या उंचीचा एक टप्पा) बरोबर ५ मिमी, १:५०० ला २ मिमी. स्केल ठरवा, मग दुकानात जा.

चिकटवायला कागद, माउंटबोर्ड आणि फोमबोर्डसाठी फेव्हिकॉल, पण काडीच्या टोकाने पातळ थर. जास्त लावला तर पाण्याने बोर्ड वाकतो. फेव्हिक्विक आणि रबराचे सोल्युशन थर्माकोल आणि फोमबोर्डाचा गाभा खातात. काचेसाठी ओएचपी शीट (पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद) लावताना फेव्हिक्विक वापरलं की आजूबाजूला पांढरट धूर बसतो, दमट हवेत जास्तच. तिथे बारीक दुहेरी टेप लावा.

लेझर कटिंगची दुकानं आता सहज सापडतात आणि दुसऱ्या सहामाहीत मोह होतोच. एमडीएफच्या (लाकडाच्या भुश्याच्या दाबून केलेल्या फळीच्या) कडा त्यात तपकिरी जळतात, त्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासाव्या लागतात. दुकानात सनबोर्ड म्हणून मिळणारी शीट बहुतेकदा पीव्हीसीची असते. ती लेझरखाली घालू नका. जळताना निघणारा वायू फुप्फुसांना आणि मशीनलाही घातक असतो, आणि चांगला लेझरवाला ती घेतच नाही. ती हातानेच कापा.

कागद आणि पेनांसाठी अप्पा बळवंत चौक, तर पट्ट्या, पॉलिश पेपर, तारा आणि बारीक हत्यारांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. एका फेरीत दोन्ही होतात, फक्त गाडी न्यायच्या भानगडीत पडू नका. ड्रॉइंग बोर्ड शक्यतो सीनियरकडून जुना मिळवा, तोही पट्टी उभी धरून बघूनच. वाचलेल्या पैशांत पात्यांची आणखी दोन पाकिटं येतात.