आउश्वित्झची गाइडसह फेरी: साडेतीन तासांची घ्यावी की सहा तासांची?

आउश्वित्झ-बिर्केनाऊ संग्रहालयात गाइडसह दोन प्रकारच्या फेऱ्या मिळतात. एक साडेतीन तासांची, दुसरी सहा तासांची अभ्यासफेरी. छळछावणीतल्या कैद्यांची आपसातली बोली, जिला पोलिशमध्ये ‘लागेरश्प्राखा’ म्हणतात, ती समजून घ्यायची असेल तर सरळ सहा तासांची घ्या. छोट्या फेरीत ‘अपेल’ (हजेरी), ‘ब्लॉक’, ‘झोंडरकोमांडो’ (प्रेतं हलवायला लावलेल्या कैद्यांची तुकडी) असे शब्द कानावर पडतात, पण ते बहुतेक एसएसच्या, म्हणजे छावणी चालवणाऱ्या नाझी दलाच्या, कारभाराचे. कैद्यांनी स्वतः पाडलेली नावं बिर्केनाऊच्या, म्हणजे इथल्या दुसऱ्या छावणीच्या, मागच्या टोकाला चिकटलेली आहेत आणि छोटी फेरी सहसा तिथवर पोचत नाही.

मुख्य छावणीत दोन्ही फेऱ्या जवळपास सारख्याच. कुंपणापाशी ‘हाल्ट! स्तुय!’ (थांबा!) ही पाटी दिसते: वर जर्मन, खाली पोलिश. १४ जून १९४० रोजी तार्नूवहून आलेली पहिली गाडी ७२८ पोलिश राजकीय कैद्यांची होती. त्यामुळे बोलीचा सांगाडा जर्मन हुकमांचा आणि त्यावरचे प्रत्यय पोलिश, असा साचा सुरुवातीलाच पडला. पुढे यिडिश, फ्रेंच, हंगेरियन मिसळत गेलं. मोनोवित्झमध्ये, म्हणजे आउश्वित्झच्याच तिसऱ्या छावणीत, सालोनिकाच्या ग्रीक ज्यूंचा ‘क्लेप्सी-क्लेप्सी’, म्हणजे चोरी, हा शब्दही चालला.

ब्लॉक ६ च्या बोळात कैद्यांचे नंबर घातलेले फोटो आहेत. तिथे गाइड भरभर पुढे नेतो. जमेल तेवढं रेंगाळा. स्वतःचा नंबर जर्मनमध्ये पुकारला की ओळखता यायला हवा, नाहीतर मार ठरलेला. जर्मनमध्ये चौऱ्याऐंशी म्हणताना आधी चार, मग ऐंशी. मराठी माणसाला त्यात काही वावगं वाटणार नाही. पोलिश, इटालियन किंवा फ्रेंच कानाला मात्र सगळंच उलटं. लहान नंबरवाला म्हणजे जुना, टिकलेला, आणि म्हणून मान असलेला. नवखा तो ‘त्सुगांग’, त्याला कोणीही हिडीसफिडीस करावं.

‘ऑर्गनाइझ करणं’ हा शब्द गाइड एका वाक्यात उरकतात, तिथे प्रश्न विचाराच. एसएसच्या गोदामातून, स्वयंपाकघरातून काही लांबवलं तर ते ‘ऑर्गनाइझ’, त्यात कौतुकच होतं. शेजाऱ्याचा पाव उचलला तर मात्र ती चोरी, आणि तिला माफी नव्हती. दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम पाव मिळायचा, हे लक्षात घेतलं की ही रेघ इतकी कडक का होती ते कळतं.

अभ्यासफेरीचे पैसे वसूल होतात ते बिर्केनाऊत. रुळांच्या टोकापासून उजवीकडे चालत गेलं की ‘सौना’ची, म्हणजे नव्या कैद्यांच्या अंघोळीची आणि कपडे निर्जंतुक करायची, इमारत लागते आणि तिच्या बाजूला बराकींचे नुसते पाये उरलेले दिसतात. हेच ‘कानाडा’. मारलेल्या लोकांचं सामान निवडून लावायच्या ३० बराकी इथे होत्या. जानेवारी १९४५ मध्ये एसएसने त्या पेटवल्या. कॅनडा म्हणजे सुबत्तेचा देश, ही त्या काळातली समजूत. नाव इतकं रुळलं की एसएसवालेही तेच वापरू लागले. अर्धवट बांधलेल्या तिसऱ्या विभागाला कैदी ‘मेक्सिको’ म्हणत. १९४४ मध्ये हंगेरीतल्या ज्यू बायका तिथे अंथरूण-पांघरुणाविना कोंबल्या होत्या. तिथे आज पाहण्यासारखं फारसं नाही, त्यामुळे कुठे होतं तेवढं बोटाने दाखवायला सांगा.

‘मुझलमान’ हा शब्द ऐकून आपल्याकडचा माणूस दचकतो. उपासमारीने चालता-बोलता येईना, जगायची इच्छाच विझली, अशा कैद्याला हे नाव होतं. त्याच्या धर्माशी काही संबंध नाही. नाव कसं पडलं याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, तेव्हा गाइडने एकच व्युत्पत्ती ठामपणे सांगितली तर जरा जपूनच घ्या. शिवाय शब्द छावणीगणिक बदलत होता: माइदानेकला ‘गामेल’, बुखेनवाल्डला ‘थकलेले शेख’, राव्हेन्सब्रुकच्या बायकांत ‘दागिना’. शेवटचा सगळ्यात क्रूर वाटतो.

आता व्यवहाराचं. प्रवेश फुकट असला तरी नावानिशी पास संग्रहालयाच्या संकेतस्थळावरच काढावा लागतो आणि आत जाताना ओळखपत्र दाखवावं लागतं. गाइडचे पैसे वेगळे. उन्हाळ्यात इंग्रजी फेऱ्या आधी भरतात, त्यामुळे क्राकूवची हॉटेलं ठरवण्याआधी हे करा. क्राकूवहून बसने दीड तास धरा. गाइडचा आवाज हेडफोनमधून येतो, त्यामुळे मागे राहिलात तरी ऐकू येतं, पण तुमचा प्रश्न त्याच्यापर्यंत जात नाही. प्रश्न राखून ठेवा आणि दोन छावण्यांमधल्या सुमारे ३ किलोमीटरच्या बसप्रवासाआधीच्या सुट्टीत गाठा. ब्लॉक ४ मधलं केसांचं दालन आणि ब्लॉक ११ चं तळघर इथे फोटो काढायला मनाई आहे. मोठी पाठपिशवी आत नेता येत नाही. १४ वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये, असं संग्रहालयच सुचवतं. बिर्केनाऊत आडोसा जवळजवळ नाही. पावसाळी बूट आणि टोपी सोबत असू द्या, कारण ‘कानाडा’पर्यंतची चाल मोठी आहे.