ओल्या गिलाव्याची घरं: पॅरिसमधली एक पायी सहल

एकोणिसाव्या शतकातल्या गणिकांच्या पॅरिसमध्ये तीन तास पायी फिरवून आणणारी सहल. मी निघाले तेव्हा धाकट्या बहिणीने नाक मुरडलं, "ताई, या वयात हे काय?" पण माझा जन्म बँकेत हिशेब तपासण्यात गेला. कुणाचाही झगमगाट दिसला की मनात पहिला प्रश्न येतो, बिल कोणी भरलं?

सुरुवात नोत्र-दाम-द-लोरेत चर्चच्या पायऱ्यांवर. वाटाडी मुलगी चुणचुणीत होती. १८३६ मध्ये हे चर्च झालं, त्या सुमारास इथे भराभर नव्या इमारती उठल्या. गिलावा ओला, त्यामुळे घरंदाज कुटुंबं फिरकेनात. मग मालकांनी एकट्यादुकट्या बायकांना स्वस्तात खोल्या दिल्या. त्यांनी राहायचं, शेगडी पेटवायची, भिंती वाळवायच्या. वाळल्या की भाडं वाढणार आणि सभ्य बिऱ्हाड येणार. या बायकांना चर्चवरूनच नाव पडलं, 'लोरेत'. माझे पैसे इथेच वसूल झाले.

पुढे प्लास सें-जॉर्जवर २८ नंबरचं नक्षीदार घर. इथे काही काळ ला पाइवा ही गाजलेली गणिका राहत होती. १८१९ मध्ये मॉस्कोत, गरीब ज्यू घरात जन्मलेली. आडनाव पोर्तुगीज नवऱ्याचं; शाँझेलिझेवरचा महाल उठला तो प्रशियातल्या धनाढ्य हेन्केल फॉन डोनर्समार्कच्या पैशावर. त्या महालात पिवळ्या ऑनिक्स दगडाचा जिना आहे. तो पाहून एक नाटककार म्हणाला म्हणे, सद्गुणाप्रमाणे दुर्गुणालाही पायऱ्या असतात. हा श्लेष मराठीत जसाच्या तसा उतरतो, याची मला उगाच गंमत वाटली. सहल त्या महालात मात्र नेत नाही. जाहिरातीत त्याचाच फोटो आहे, तेवढं लक्षात ठेवा.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ज्यांना पाइवासारखं नशीब लाभलं नाही, त्यांची नावं पोलिसांच्या नोंदवहीत चढायची. मग हाती कार्ड, ठरावीक दिवशी वैद्यकीय तपासणी. चुकली किंवा आजार निघाला की सें-लाझार तुरुंग. मी याबद्दल विचारलं तर उत्तर आलं, "ते जरा उदास आहे," आणि छत्री वर करून बाई पुढे. हिऱ्यांवर वीस मिनिटं, नोंदवहीवर एक वाक्य!

शेवट मोंमार्त्र कबरस्तानात, मारी द्युप्लेसी या गणिकेच्या कबरीपाशी. लेखक अलेक्झांद्र द्यूमा (धाकटे) यांच्या 'ला दाम ओ कामेलिया' कादंबरीची नायिका हिच्यावरूनच घडली. ३ फेब्रुवारी १८४७ ला क्षयाने गेली, वय अवघं तेवीस. दगडावर मात्र तिचं मूळ नाव आहे, आल्फोन्सीन प्लेसी. त्याच महिन्यात देणी फेडण्यासाठी तिच्या सामानाचा लिलाव झाला. ती जिवंत असताना ज्यांना तिचा उंबरा ओलांडता आला नसता, त्या प्रतिष्ठित बायका तेव्हा घर बघायला आल्या. पलंग, पडदे, आरसे, सगळं निरखलं. हे वाटाडीने फार छान सांगितलं, घाई न करता. आम्ही अकराजण कबरीभोवती उभे होतो, त्यांत सातजणी बायका. कोणी काही बोललं नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. कबरस्तान रस्त्याच्या पातळीखाली आहे, कॉलेंकूर पुलावरून जिना उतरावा लागतो. गुडघे दुखत असतील तर वाटाडीला आधीच सांगा, अव्हन्यू राशेलच्या दाराने सपाट जाता येतं.