रीमॅपचे पैसे शिकवणीत घातले: एन लाइन, आठ महिन्यांनंतर

परवा आमच्या घरात बसूनच आतेभावाचं त्याच्या ट्यूनरशी फोनवर कडाक्याचं वाजलं. इंजिनाच्या संगणकातलं सॉफ्टवेअर (मॅप) बदलून ताकद वाढवायचं काम म्हणजे रीमॅप. त्याची पहिली पायरी, स्टेज वन, करून घेताना ‘कधीही सांगा, मूळ मॅप फुकट परत टाकून देऊ’ असा शब्द दिला होता. आता त्याच कामाचे वेगळे सात हजार मागतायत. त्यात डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, जो कागद त्याला दिला होता, तो नीट वाचला तर त्यावर नंबर दुसऱ्याच गाडीचा निघाला. म्हणजे याच्या गाडीची ताकद किती वाढली हे कुणी मोजलेलंच नाही. अठ्ठावीस हजार मोजून माणसाला स्वतःच्या गाडीचा आकडा कळू नये, याचा मला त्याच्यापेक्षा जास्त राग आला. म्हणून हे लिहायला बसलो.

गाडी दोघांचीही तीच, ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन, सहा गिअरची मॅन्युअल. ताकद १२० पीएस, टॉर्क म्हणजे ओढ १७२ एनएम, बाकीचं सगळ्यांना पाठ आहे. त्याने पैसे इंजिनात घातले. मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी गाडी चालवायला शिकण्यात घातले. फी, पाण्याचा टँकर, पेट्रोल आणि टायरची झीज धरून माझे साडेबावीस हजार झाले.

शिकवणीची व्यवस्था साधी आहे. नाशिकचे एक जुने रॅलीवाले सर आहेत, आम्ही इंदूरचे चार-पाच जण मिळून त्यांना बोलावतो. पिथमपूरकडे एका बंद कारखान्याचं काँक्रीटचं मोठं आवार आहे, मालकाची लेखी परवानगी घेऊन तिथे प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, मांडतो. पिथमपूर म्हटलं की लोक लगेच नॅट्रॅक्सचं नाव काढतात, २०२१ मध्ये उद्घाटन झालेला ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक. तो गाड्यांची परीक्षा घ्यायला आहे. माणसाला शिकायला सपाट मोकळी जागा आणि जवळ बसून बोलणारा जाणकार, एवढं पुरतं. पहिल्या दिवशी आमची कुणाचीच गाडी तिसऱ्या गिअरच्या वर गेली नाही.

आता सीटबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण साडेबावीस हजारांतले निम्मे पैसे इथेच वसूल झाले असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीचा बराच वेळ गाडी जागची हललीच नाही. सर शेजारी बसले आणि म्हणाले, “क्लच तळापर्यंत दाबा. गुडघा अजून थोडा वाकलेला राहिला पाहिजे. आता पाठ पूर्ण टेकवा आणि हात लांब करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, आणि खांदा सीटपासून सुटता कामा नये.” माझं मनगट कडेपर्यंत पोचत नव्हतं, फक्त बोटांची टोकं लागत होती. आपल्याकडे बहुतेक जण असेच बसतात, पाठ रेलून, एक हात स्टिअरिंगच्या डोक्यावर. सीट पुढे आली, पाठ बरीच उभी झाली, सीटची उंची थोडी वाढवली. आरसे सगळे नव्याने लावावे लागले.

याने काय होतं ते वळणावर कळतं. रेलून बसलेला माणूस वळणात बाहेरच्या बाजूला घसरतो आणि स्वतःला सावरायला स्टिअरिंगला धरतो. जो हात आधारासाठी धरलेला असतो, त्याला टायर काय सांगतोय ते कळत नाही. आता डावा पाय डेड पेडलवर, म्हणजे क्लचच्या डावीकडच्या पाय टेकवायच्या जागेवर, रोवला की पाठ आपोआप सीटमध्ये दाबली जाते, अंगाचा भार पाय आणि पाठ घेतात, आणि घड्याळातल्या पावणेतीनच्या जागी ठेवलेले दोन्ही हात सैल राहतात. घरी परतताना राऊच्या वळणावर मला पहिल्यांदा स्टिअरिंगमधून रस्त्याची खरखर जाणवली. गाडी तीच होती, टायरही तेच होते.

ब्रेकचंही तेच. गुडघा वाकलेला असेल तरच पायाची पूर्ण ताकद पेडलवर पडते. सरांनी सरळ रेषेत ताशी ६० वरून पूर्ण ब्रेक मारायला लावले, तेव्हा आमच्यातल्या एकानेही पहिल्या खेपेला ते नीट दाबले नाहीत. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली थरथरायला लागला की माणूस घाबरून पाय उचलतो. तिथेच दाबून ठेवायचं असतं. ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, ६० ऐवजी ८० ने जात असाल तर जवळजवळ पावणेदोन पट. शिवाय ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर, आणि पाय कुठे आहे ते शोधण्यात गेलेला प्रत्येक क्षण त्यातच धरायचा. हे समजल्यावर सीट पुढे घेणं ही काही दिखाव्याची गोष्ट वाटत नाही.

घरात गाडी सौ.सुद्धा चालवते, त्यामुळे सीट रोज हलते. मी रुळावर तिच्याच नेलपॉलिशने माझी खूण करून ठेवली आहे. तिचीही जागा याच पद्धतीने लावून दिली, तिची खूण वेगळ्या रंगाची. पाठीचा कोन मात्र दर वेळी मनगट टेकवून बघूनच लावतो. इतकी वर्षं गाड्या बदलल्या, पण एकाही शोरूममध्ये डिलिव्हरी देताना कुणी हे सांगितलं नाही. नारळ फोडतात, हार घालतात, फोटो काढतात, आणि माणूस चुकीचा बसून बाहेर पडतो.

बाकी शिकवणी त्यामानाने भराभर सांगतो. टँकरने काँक्रीट भिजवलं आणि पुढचे टायर घसरले की काय करायचं ते शिकवलं. आपली गाडी पुढच्या चाकांवर चालते. वळवायचंही त्यांनी आणि ओढायचंही त्यांनीच. पगार एक आणि खर्च दोन असा तो मामला आहे: वळणात सगळी पकड खर्च झाली असेल तर एक्सलरेटरसाठी शिल्लक राहत नाही. गाडी सरळ जायला लागली की बहुतेकांचा हात स्टिअरिंग आणखी फिरवतो. करायचं ते उलट आहे, एक्सलरेटर अलगद सोडायचा, स्टिअरिंग थोडं उलगडायचं, आणि नजर जिथे जायचंय तिथे ठेवायची. नजरेचं तर सर सारखं ओरडून सांगत होते. कोनकडे बघितलं की कोन पडतोच.

इथेच रीमॅपची अडचण समजते. मॅप बदलून बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवला की टॉर्क वाढतो, आणि तो सगळा त्याच दोन टायरांवर येतो. दोन चाकांत ताकद वाटणारं डिफरेन्शिअल साधंच आहे, त्यामुळे वळणातून निघताना आतलं हलकं झालेलं चाक फिरत राहतं, मग ईएससी (गाडी घसरू लागली की सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) मधे पडून ताकद कापतो. पैसे देऊन वाढवलेली ताकद गाडीच परत काढून घेते. आतेभावाची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओल्या रस्त्यावर नेमकं हेच करत होती. गाडीची वॉरंटी चालू असताना मॅप बदलला तर इंजिन-गिअरबॉक्सच्या दाव्यावर पाणी सोडावं लागतं, हे वेगळं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबाबतचं) आणि विम्याचा प्रश्नही आहेच, त्याबद्दल ट्यूनर अवाक्षर काढत नाहीत.

१९७६ ची फोक्सवॅगनची पहिली गोल्फ जीटीआय, जिच्यामुळे छोट्या पण चपळ हॅचबॅकचा हा सगळा प्रकार जगभर लोकप्रिय झाला, ती ११० पीएसची होती. वजन आठशे किलोंच्या आसपास, त्यामुळे सरळ तुलना होत नाही, मान्य. पण १२० पीएस कमी पडतात असं म्हणणाऱ्याने आधी ते सगळे वापरून दाखवावेत.

शिकवणीचं आणि रीमॅपबद्दलचं हे मत मी डिसेंबरातच टिपून ठेवलं होतं. त्यानंतर मत थोडं सरकलं आहे, तेही लिहिलं पाहिजे.

जानेवारीत महेश्वरला जाताना आम्ही महूवरून जाम दरवाजाच्या घाटाने गेलो आणि येताना गाड्या बदलल्या. मंडलेश्वरकडून वर चढताना आतेभावाची गाडी माझ्याकडे होती. नीट बसून, नीट बघून चालवली तेव्हा तो मॅप वाईट नाही हे मला कळलं. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर, गाडी अगदी मोकळी ओढते. ऊस भरलेल्या ट्रॉलीला सरळ पट्ट्यात मागे टाकायला माझ्या गाडीपेक्षा स्पष्टपणे कमी वेळ लागतो, आणि समोरून येणाऱ्यांच्या बाजूला कमी वेळ राहणं ही सुरक्षेचीच गोष्ट आहे. डिसेंबरात मी याला शून्य किंमत दिली होती, आता तसं म्हणणार नाही.

पण त्याच दिवशी सकाळी घाट उतरताना तो पुढे होता आणि मी मागे. प्रत्येक वळणाआधी त्याचे ब्रेकचे दिवे उशिरा लागत होते, आणि वळणाच्या मधोमध पुन्हा एकदा लागत होते. खाली पोचेपर्यंत त्याच्या पुढच्या चाकांतून जळका वास यायला लागला. मी आधी सरळ रेषेत ब्रेक संपवत होतो, गिअर खाली घेत होतो, मग वळत होतो. मी त्याच्यापासून फारसा मागे पडलो नाही आणि माझे ब्रेक शाबूत होते. मंडलेश्वरला चहा घेताना तो म्हणाला, “दादा, तू काही जोरात चालवत नव्हतास, मग मागे कसा नाही पडलास?” मी त्याला तिथेच पार्किंगमध्ये सीट लावून दिली.

तेव्हा क्रम माझ्या लेखी असा झालाय: आधी शिकवणी, मग चांगले टायर मूळ मापातच, मग ब्रेक पॅड आणि ताजं डॉट ४ ब्रेक फ्लुइड, आणि वॉरंटी संपल्यावरही हौस उरली असेल तर रीमॅप. रीमॅप करणारच असाल तर आधी आणि नंतर, तुमच्याच गाडीचा, तुमच्या समोर काढलेला डायनोचा कागद मागा. मूळ मॅप परत टाकण्याचं लेखी घ्या. कोणत्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर मॅप बनवलाय ते विचारा, कारण महागडं पेट्रोल दर टाकीला खिशातून जातं आणि ते अठ्ठावीस हजारांत धरलेलं नसतं.

आतेभाऊ मूळ मॅप परत टाकणार नाही असं सध्या ठरलंय. त्या सात हजारांत त्याने सरांच्या पुढच्या खेपेची फी भरली आहे, आणि ट्यूनरकडून त्याच्या स्वतःच्या गाडीचा कागद मिळेपर्यंत मी त्याला फोन खाली ठेवू देणार नाही.