गरिबी मोजायची की सेवा? कुटुंब सर्वेक्षण निवडण्याआधी

कुटुंब सर्वेक्षण करायचं ठरलं की ‘किती घरं घ्यायची?’ हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. खरं तर त्याच्याही आधी ठरवायला हवं की आकडा हाती आल्यावर त्यावर कोणता निर्णय घेणार आहात. गरीब किती हे सांगायचंय, मदत कोणाला द्यायची ते निवडायचंय, की शाळा-दवाखाने नीट चालतात का ते तपासायचंय? तिन्ही कामं एकाच प्रश्नावलीत कोंबली की एकही धड होत नाही.

खर्च विचारायचा की घरातल्या वस्तू मोजायच्या?

खर्चाचं सर्वेक्षण सगळ्यात तपशीलवार आणि सगळ्यात महाग. जागतिक बँकेने १९८० मध्ये राहणीमान मोजण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९८५ मध्ये आयव्हरी कोस्ट व पेरूत पहिली सर्वेक्षणं केली. शेती किंवा रोजंदारीवर चालणाऱ्या घराचं उत्पन्न महिन्यागणिक वरखाली होतं, आणि ते खरं सांगायला लोक कचरतात. खर्च त्या मानाने स्थिर. म्हणून घरच्या धान्याची, फुकट मिळालेल्या वस्तूंचीही किंमत धरून दरडोई खर्च काढतात. पैशातली दारिद्र्यरेषा लावायची तर असाच आकडा लागतो. जागतिक बँकेची रेषा जून २०२५ पासून दिवसाला ३ डॉलर आहे, देशादेशांतल्या किमतींचा, म्हणजे क्रयशक्तीचा, फरक जुळवून. त्याआधी ती २.१५ होती.

पण प्रश्न कसा विचारला यावर इथे उत्तर हलतं, आणि तेही थोडंथोडकं नाही. भारताच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने १९९० च्या दशकात काही घरांना अन्नखर्च तीस दिवसांऐवजी सात दिवसांचा विचारून पाहिला. दारिद्र्यरेषा तीच, पण सात दिवसांच्या प्रश्नात खर्च जास्त नोंदला गेला आणि त्या घरांपुरता गरिबांचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला! पुढे १९९९-२००० च्या फेरीत एकाच घराला दोन्ही कालावधी विचारले गेले, आणि दशकात गरिबी नेमकी किती घटली यावर अर्थतज्ज्ञांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालला. २०२२-२३ ची पाहणी एका भेटीऐवजी तीन भेटींत झाली, त्यामुळे २०११-१२ शी तिची थेट तुलना करतानाही हेच भान ठेवावं लागतं. टांझानियात तर सुमारे ४,००० घरांवर आठ प्रकारच्या प्रश्नावल्या मुद्दाम वापरून पाहिल्या. एकाच देशात, एकाच काळात, गरिबीचे वेगवेगळे आकडे आले. काळानुसार बदल पाहायचा असेल तर जुनी, सदोष प्रश्नावलीसुद्धा नव्या, सुधारलेल्या प्रश्नावलीपेक्षा बरी, असं माझं मत आहे. बदलायचीच असेल तर काही घरांत दोन्ही चालवून फरक मोजून ठेवावा.

दुसरी वाट मालमत्ता निर्देशांकाची. १९८४ मध्ये अमेरिकेच्या निधीवर सुरू झालेल्या लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांत खर्च विचारतच नाहीत. छप्पर कशाचं, फरशी आहे का, शौचालय, टीव्ही, गुरंढोरं एवढं नोंदवतात आणि त्यावरून घरांची क्रमवारी लावतात. काम काही मिनिटांत आटोपतं, उत्तरं बरीचशी डोळ्यांनी पडताळता येतात. मात्र हाती येते ती क्रमवारीच. तळातला पाचवा हिस्सा कायम २० टक्केच राहणार, त्यामुळे गरिबी घटली का हे त्यातून कळत नाही. दुष्काळाच्या वर्षी ताटातलं अन्न कमी होतं, छप्पर जागेवरच असतं. श्रीमंत-गरीब घरांतल्या मुलांच्या लसीकरणातला फरक पाहायचा असेल तर मात्र हे साधन उत्तम.

मदतीसाठी घरं निवडायची तर दहा-बारा सोप्या प्रश्नांना गुण देऊन घर गरीब असेल का याचा अंदाज बांधणारी गुणपत्रिका वापरतात. सरासरीला ती बरी, एकेका घराला दगा देते.

बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक २०१० पासून वापरात आहे. आरोग्य, शिक्षण, राहणीमान मिळून दहा निकष, प्रत्येकाला ठरावीक भार (महत्त्व), आणि एकूण भारापैकी एक तृतीयांश किंवा जास्त वंचना असेल तर कुटुंब गरीब. धोरणकर्त्यांना तो आवडतो, कारण कुठे काय कमी आहे ते लगेच दिसतं. मात्र वीज, पाणी, शाळा हे त्याचेच घटक. ‘सेवा वाईट तिथे गरिबी जास्त’ असा निष्कर्ष त्यावरून काढला तर एकच गोष्ट दोनदा मोजल्यासारखं होतं.

सेवेचा दर्जा: घरात विचारायचं की दारात जाऊन बघायचं?

‘तुम्ही समाधानी आहात का?’ हा प्रश्न मी तरी गाळायलाच सांगेन. ज्याने चांगला दवाखाना पाहिलाच नाही तो समाधानी असतो, आणि सेवा सुधारली की अपेक्षाही वाढतात. घडलेलं विचारा: शेवटचं आजारपण कधी, कुठे गेलात, डॉक्टर होते का, किती थांबलात, खिशातून किती गेले. दवाखान्याच्या दारात उभं राहून रुग्णांना विचारलं तर जो तिथे येतच नाही तो कधीच भेटत नाही. घरोघर जाण्याचा खरा फायदा हाच.

पण निदान बरोबर होतं का, हे रुग्ण सांगू शकत नाही. मुख्याध्यापकांपर्यंत पैसे पोचले का, हे पालकांना कळत नाही. त्यासाठी संस्थेतच जावं लागतं. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया, पेरू, इक्वेडोर आणि युगांडा या सहा देशांत पूर्वसूचना न देता भेटी दिल्या तेव्हा सरासरी १९ टक्के शिक्षक आणि ३५ टक्के आरोग्य कर्मचारी गैरहजर आढळले. युगांडात १९९१ ते १९९५ दरम्यान शाळांसाठी असलेल्या दरडोई अनुदानातला सरासरी १३ टक्केच वाटा शाळांपर्यंत पोचला होता. सरकारी खर्चाच्या नोंदीत हे दिसलं नव्हतं, शाळांच्या वह्या तपासल्यावर दिसलं.

मधला मार्गही आहे. २००५ पासून भारतात ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीचे स्वयंसेवक घरी जाऊन मुलांना वाचायला लावतात, त्यामुळे शाळेत न जाणारी मुलंही मोजली जातात. युनिसेफच्या सर्वेक्षणांत अनेक देशांत घरच्या पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून आलेल्या दूषणाची खूण असलेले जिवाणू) तपासतात. ‘नळाचं पाणी येतं’ या उत्तरामागे काय दडलंय ते अशा चाचणीशिवाय कळत नाही.

आता किती घरं?

१,००० घरं निव्वळ यादृच्छिक निवडली तर टक्केवारीत साधारण ३ अंक इकडेतिकडे. प्रत्यक्षात घरं वस्तीवस्तीतून गटाने निवडतात आणि शेजारी एकमेकांसारखे असतात, म्हणून ही त्रुटी सहज ४ अंकांच्या वर जाते. तीच घरं दहा भागांत विभागून प्रत्येकाचा आकडा काढला तर ती १४ अंकांपर्यंत पोचते, आणि अशा आकड्यांवर भागांची क्रमवारी छापणं व्यर्थ. भागवार चित्र हवंच असेल तर सर्वेक्षण आणि जनगणना जोडून अंदाज काढण्याची पद्धत आहे. तिला जनगणना मात्र ताजी लागते, आणि दोन्हीकडे प्रश्न शब्दशः सारखे असावे लागतात.