रेप्लिकंट ६.० : जुन्या गॅलेक्सी एस ३ वरचा अनुभव

रोजच्या वापराला दुसरा फोन जवळ नसेल, तर रेप्लिकंटच्या वाटेला जाऊ नये, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. गेले सात-आठ महिने मी ही मोबाइल ऑपरेटिंग सिस्टीम सॅमसंगच्या जुन्या गॅलेक्सी एस ३ वर वापरतो आहे आणि निव्वळ फोन म्हणून तिला पन्नास टक्क्यांपेक्षा जास्त गुण द्यायला माझा हात धजावत नाही. मात्र पैसे मोजून घेतलेल्या यंत्रातला नेमका कोणता भाग आपल्या ताब्यात नसतो, हे या प्रणालीने जितके स्वच्छ दाखवले, तितके दुसऱ्या कशानेही दाखवले नव्हते.

अँड्रॉइडवर आधारलेल्या रेप्लिकंटचे काम २०१० साली सुरू झाले. अँड्रॉइडचा गाभा खुला आहे हे खरे, परंतु बाजारातल्या फोनमध्ये वाय-फाय, ग्राफिक्स, जीपीएस, मोडेम (मोबाइल जाळ्याशी जोडणारा भाग) यांच्याशी बोलणारे कितीतरी भाग निर्मात्यांकडून केवळ बायनरी, म्हणजे यंत्रालाच कळणाऱ्या स्वरूपात येतात आणि त्यांचा सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर आपल्याला पाहता येत नाही, मग बदलणे तर दूरच. लिनिएजओएससारख्या अँड्रॉइडवर बेतलेल्या लोकप्रिय प्रणाली हे बंदिस्त भाग आहेत तसे ठेवून घेतात, म्हणून त्यांच्यावर फोनच्या बहुतेक सोयी चालतात. रेप्लिकंट ते काढून टाकते; जिथे मुक्त, म्हणजे कोणालाही पाहता-बदलता येईल असा पर्याय लिहिता आला तिथे तो बसवते आणि जिथे आला नाही तिथे ती सोय सरळ बंद ठेवते. मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेचा या प्रकल्पाला पाठिंबा आहे. मी वापरतो ती ६.० ही आवृत्ती २०१७ सालची असून ती लिनिएजओएस १३ वर, म्हणजे अँड्रॉइड ६ वर उभी आहे.

प्रणाली फुकट असली तरी तिला चालेल असा फोन शोधावा लागतो, आणि माझी पहिली फजिती तिथेच झाली. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या आसपास एका दुकानातून जुना ‘एस थ्री’ घेऊन मी घरी आलो, मागचे झाकण काढले, बॅटरी उचलली आणि खालच्या स्टिकरवर ‘जीटी-आय९३००आय’ असे वाचले. शेवटचा तो एक ‘आय’ घातक निघाला, कारण तो एस ३ निओ होता. त्यात क्वालकॉमची वेगळी चिप असते आणि रेप्लिकंटला तो चालत नाही. हवा होता तो २०१२ चा जीटी-आय९३००, सॅमसंगच्या एक्सिनॉस चिपचा. दुकानदाराने ‘फोन तोच आहे हो साहेब’ असे दोनदा सांगून तिसऱ्यांदा बदलून दिला. तेव्हा दुकानातच बॅटरी काढून स्टिकर वाचल्याशिवाय व्यवहार करू नये.

प्रणाली फोनमध्ये चढवण्याचे काम वाटले होते त्यापेक्षा सोपे निघाले. आवाज कमी करण्याचे बटण, होम आणि पॉवर ही तिन्ही एकत्र दाबून फोन डाउनलोड मोडमध्ये, म्हणजे संगणकावरून नवी प्रणाली घेण्याच्या अवस्थेत न्यायचा, संगणकावरून हाइमडाल या मुक्त साधनाने आधी रिकव्हरी (प्रणाली बसवण्यापुरता छोटा प्रोग्रॅम) चढवायची आणि मग त्या रिकव्हरीतून मुख्य प्रणाली. फायली प्रकल्पाकडूनच आल्याची खूण असलेली डिजिटल सही तपासण्याची पायरी कंटाळवाणी वाटली तरी ती गाळू नये. या साऱ्यात माझा एक रविवार गेला, त्यातही निम्मा वेळ धड चालणारी डेटा केबल शोधण्यात.

कॉल, एसएमएस आणि मोबाइल डेटा चालतात, आणि माझ्या मते यामागचे काम हीच या प्रकल्पाची खरी कमाई आहे. फोनमधला मोडेम म्हणजे स्वतंत्र प्रोसेसर आणि स्वतःचे सॉफ्टवेअर असलेला वेगळा संगणकच असतो. मुख्य प्रणाली त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलते, हे सॅमसंगच्या बाबतीत एका बंदिस्त प्रोग्रॅममध्ये दडलेले होते. त्याला पर्याय म्हणून मुक्त लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच उभा राहिला. हे काम करत असतानाच रेप्लिकंटच्या विकसकांना आढळले की, गॅलेक्सी मालिकेतल्या अनेक फोनांवरचा तो मूळ प्रोग्रॅम मोडेमकडून आलेल्या आज्ञेवरून फोनच्या साठवणीतल्या फायली वाचू, लिहू आणि पुसू शकतो. मार्च २०१४ मध्ये त्यांनी हे मागचे दार म्हणून जाहीर केले. दुरून कोणी त्याचा प्रत्यक्ष वापर करू शकतो याचा पुरावा नाही, असा आक्षेप काही सुरक्षातज्ज्ञांनी तेव्हा घेतला आणि तो विचारात घेण्याजोगा होता. पण सोर्स कोड बंद असेल तर असा वाद घालण्याइतकी माहितीसुद्धा बाहेर येत नाही, हे त्या प्रसंगातून मला अधिक पटले. मोडेमच्या आतले सॉफ्टवेअर आणि फोन सुरू करणारा बूटलोडर मात्र रेप्लिकंटवरही बंदिस्तच राहतात, आणि प्रकल्पाचे लोक हे लपवत नाहीत.

आता उणिवा. आतले वाय-फाय आणि ब्लूटूथ चालत नाहीत, कारण त्या चिपला सुरू होताना बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारे सॉफ्टवेअर लागते. जीपीएसही नाही. ग्राफिक्सचे सारे ओझे मुख्य प्रोसेसरवर पडते, त्यामुळे नकाशा सरकवताना पडदा अडखळतो आणि जड ॲप एकतर रखडते किंवा उघडतच नाही. वाय-फायला तोडगा आहे: ज्याचे फर्मवेअरही मुक्त आहे असा एआर९२७१ चिपचा यूएसबी डोंगल (बाहेरून जोडायचे छोटे वाय-फाय यंत्र) फोनला यूएसबी साधने जोडणाऱ्या ओटीजी केबलने जोडायचा आणि रेपवायफाय नावाच्या ॲपमधून जाळे निवडायचे. तो जोडला की फोनला पेनड्राइव्हएवढे शेपूट फुटते, आणि चार्जिंगचे भोकही तेच असल्यामुळे इंटरनेट आणि चार्जर यांतले एकच काहीतरी निवडावे लागते. २१०० एमएएचची बॅटरी त्या डोंगलला फार काळ पोसत नाही. सुदैवाने ती काढता येते; मी दुसरी भरून खिशात ठेवतो.

भारतात आणखी एक अडचण आहे, जिचा दोष रेप्लिकंटकडे जात नाही. जीटी-आय९३०० मध्ये ४जी नाही आणि जिओचे जाळे ४जी-५जीवाचून चालत नाही, त्यामुळे जिओचे सिम इथे निरुपयोगी आहे. २जी अजून चालू असलेल्या कंपनीचे सिम घ्यावे. बँकेची आणि यूपीआयची ॲप या फोनवर वापरण्याचा विचार मी केलेला नाही, आणि इतरांनीही करू नये.

मराठीच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. देवनागरी अक्षरे नीट दिसतात, जोडाक्षरे तुटत नाहीत. टंकनासाठी एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपांच्या भांडारातून घेतलेला इंडिक कीबोर्ड मी वापरतो. तोही मुक्त आहे आणि त्यात इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळमांडणी मिळते, त्यामुळे संगणकावर बसलेली बोटांची सवय इथेही उपयोगी पडते. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतला फरक त्यात बिनचूक उमटतो. या परीक्षणाचा पहिला खर्डा मी त्याच फोनवर, एसटीच्या प्रवासात लिहिला.

माझा सर्वांत गंभीर आक्षेप प्रणालीच्या वयावर आहे. अँड्रॉइड ६ हे २०१५ सालचे. तेव्हापासून सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटींची दुरुस्ती इथे पूर्णपणे पोहोचलेली नाही, आणि स्वातंत्र्यासाठी घेतलेला फोन सुरक्षेत मागे पडावा हा विरोधाभास रेप्लिकंटच्या चाहत्यांनी मान्य करायला हवा. अँड्रॉइड ९ वर नेण्याचे काम एनएलनेट या नेदरलँड्समधल्या संस्थेच्या निधीतून सुरू झाले होते, परंतु सर्वसामान्यांनी वापरावी अशी आवृत्ती त्यातून अजून हाती आलेली नाही. हे काम करणारे लोक मोजके, आणि एकेका चिपचे वागणे कागदपत्रांवाचून उलगडण्यात वर्षे जातात. तोवर तो फोन बाजारातून नाहीसा झालेला असतो.

संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने किंवा फोनच्या आत काय चालते याचे कुतूहल असलेल्या माणसाने मात्र भंगारात निघालेला एखादा जीटी-आय९३०० मिळवून हा प्रयोग जरूर करावा. माझ्या फोनवर सध्या कॉल, संदेश, टिपणे आणि ई-पुस्तके एवढेच चालते. शेपूट मी फक्त रविवारी लावतो.