चालू सेवेचे निदान : एसट्रेस, जीडीबी, पर्फ की ईबीपीएफ?

लिनक्स सर्व्हरवर चालणारी एखादी सेवा अचानक मंदावते किंवा प्रतिसाद देणेच थांबवते, तेव्हा बहुतेक ठिकाणी पहिला उपाय होतो तो रीस्टार्टचा. त्याने तक्रार तात्पुरती मिटते खरी. पण अडकलेले थ्रेड (प्रोसेसमधील समांतर चालणारे धागे), उघडी सॉकेट (नेटवर्क जोडण्या), धरून ठेवलेली लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला वाट देणारी कुलपे) आणि मेमरीतील सारी अवस्था हा पुरावाही त्याबरोबर पुसला जातो आणि तोच बिघाड काही दिवसांनी पुन्हा दारात उभा राहतो. लॉगमध्ये उत्तर सापडले तर उत्तमच. परंतु प्रोग्राम लिहिताना जे नोंदवावेसे वाटले तेवढेच लॉगमध्ये असते. त्यापलीकडे, प्रोसेस चालू असतानाच तिच्या आत डोकावायचे असेल तर एसट्रेस (लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, जाणाऱ्या मागण्या दाखवणारे), जीडीबी (डीबगर), पर्फ (सीपीयू-वापराचे नमुने घेणारे) आणि ईबीपीएफवर (कर्नलमध्ये चढवायच्या छोट्या प्रोग्रामवर) आधारलेली साधने असे चार मुख्य मार्ग आहेत. यांपैकी कोणता केव्हा धरावा, हे ठरवू पाहणाऱ्यांसाठी ही तुलना आहे.

साधन निवडण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे, असा माझा आग्रह आहे : प्रोसेस सीपीयू खात आहे, की कशाची तरी वाट पाहत आहे? टॉप (प्रोसेसचा सीपीयू-वापर दाखवणारी आज्ञा) चालवून थ्रेडनिहाय दृश्य उघडले की हे मिनिटभरात कळते, आणि निवडीचा अर्धा भाग तिथेच उरकतो. सीपीयू खाणाऱ्या प्रोसेसवर एसट्रेस लावणे आणि वाट पाहत बसलेल्या प्रोसेसवर पर्फ लावणे, या दोन्हींत वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. एखादा थ्रेड ‘डी’ अवस्थेत, म्हणजे डिस्क किंवा नेटवर्कवरील फाइल-सिस्टिमच्या प्रतीक्षेत कर्नलच्या आत अडकला असेल, तर एसट्रेस आणि जीडीबी दोन्ही निरुपयोगी ठरतात, कारण तो थ्रेड कर्नलमधून बाहेर येईपर्यंत त्याला थांबवताच येत नाही. अशा वेळी रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) अधिकाराने प्रॉक फाइल-सिस्टिममधील (प्रोसेसची माहिती फाइलरूपात दाखवणारी कर्नलची सोय) त्या थ्रेडची ‘स्टॅक’ नावाची फाइल वाचावी. कर्नलमधील कोणत्या फंक्शनपाशी गाडे अडले आहे ते तिथे दिसते.

वाट पाहणाऱ्या प्रोसेससाठी एसट्रेस हे हाताशी येणारे पहिले साधन. प्रोसेस कर्नलकडे जे जे मागते, म्हणजे फाइल उघडणे, सॉकेटवर लिहिणे, मेमरी मागणे, ती प्रत्येक सिस्टिम कॉल ते क्रमाने दाखवते. सोर्स कोड लागत नाही, सिम्बॉल (बायनरीतील फंक्शन व चलांची नावे) लागत नाहीत, आणि प्रोग्राम कोणत्या भाषेत लिहिला आहे यानेही फारसा फरक पडत नाही. याची खरी ताकद एका नेहमीच्या बिघाडातून दिसते. समजा, एरवी काही मिलिसेकंदांत उत्तर देणारी सेवा अधूनमधून एखाद्या विनंतीला पाच सेकंदांहून किंचित जास्त वेळ लावते. फक्त नेटवर्कशी संबंधित कॉल निवडून आणि प्रत्येक कॉलला लागलेला वेळ छापण्याचा पर्याय देऊन एसट्रेस लावला की चित्र उघड होते : 53 क्रमांकाच्या पोर्टवर एक लहानसे पॅकेट जाते, त्यानंतर 5000 मिलिसेकंदांची मुदत दिलेली ‘पोल’ ही कॉल येते, ती शून्य परत करते आणि शेजारी ‘टाइमआउट’ असे छापलेले असते. पहिल्या डीएनएस सर्व्हरने (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) उत्तर दिले नाही आणि जीलिबसीने (लिनक्सवरील मूळ सी लायब्ररी) आपली ठरलेली पाच सेकंदांची मुदत पूर्ण करून पुढच्या सर्व्हरला विचारले, एवढी सगळी हकिगत त्या तीन-चार ओळींत असते. डेटाबेसवर संशय घेऊन तिथे दिवसभर शोधाशोध करण्यापेक्षा हे फार स्वस्तात पडते.

मात्र ही स्वस्ताई माणसाच्या वेळेपुरती आहे, प्रोसेसच्या वेळेपुरती नव्हे. एसट्रेस पीट्रेस या यंत्रणेवर उभे आहे, आणि त्यात प्रत्येक सिस्टिम कॉलच्या सुरुवातीला व शेवटी प्रोसेस थांबते, नियंत्रण एसट्रेसकडे जाते आणि मग परत येते. सेकंदाला काहीशे कॉल करणाऱ्या प्रोसेसला हे जाणवतही नाही. पण एकेक बाइट वाचत जाणारा प्रोग्राम यामुळे शेकडो पटींनी मंदावू शकतो. फक्त नेटवर्कचे कॉल निवडले तरी बाकीच्या कॉलवरचा थांबा चालू प्रोसेसच्या बाबतीत टळत नाही. गाळणी छापण्याला लागते, थांबण्याला नाही. व्यस्त डेटाबेसवर किंवा प्रॉक्सीवर भर गर्दीच्या वेळी एसट्रेस लावू नये, हे मी ठामपणे सांगेन.

एसट्रेसची दुसरी मर्यादा लॉकपाशी उघडी पडते. सगळे थ्रेड ‘फ्युटेक्स’ या, लॉकची वाट पाहण्याच्या, कॉलमध्ये थांबलेले दिसतात. पण कोणते लॉक आणि ते कोणी धरले आहे, हे कळत नाही. इथे जीडीबीला पर्याय नाही. चालू प्रोसेसला जोडून घेऊन सर्व थ्रेडचे स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची साखळी) एका आज्ञेने छापता येतात, आणि सिम्बॉल उपलब्ध असतील तर जीलिबसीच्या म्युटेक्समधील (लॉकचा एक प्रकार) ‘ओनर’ या घटकात लॉक धरणाऱ्या थ्रेडचा क्रमांक वाचता येतो. पहिला थ्रेड दुसऱ्याची आणि दुसरा पहिल्याची वाट पाहत आहे हे अशा रीतीने दिसले, की डेडलॉक तर्काने नव्हे, पुराव्याने सिद्ध होतो.

याची किंमत मात्र रोख मोजावी लागते : जोडल्या क्षणापासून सोडेपर्यंत संपूर्ण प्रोसेस थांबलेली असते. बायनरी मोठी असेल तर सिम्बॉल वाचण्यातच काही सेकंद जातात. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये लाइव्हनेस तपासणी (सेवा जिवंत आहे ना याची चौकशी) मुळात दर 10 सेकंदांनी होते, उत्तरासाठी 1 सेकंद थांबते आणि लागोपाठ 3 वेळा अपयश आले की कंटेनर रीस्टार्ट होतो. म्हणजे निवांतपणे एकेक चल तपासत बसलो, तर अर्ध्या मिनिटात प्रोसेसच हातातून निघून जाते. म्हणून चालू सेवेवर जीडीबी संवादी पद्धतीने वापरू नये. बॅच पद्धतीने, म्हणजे आज्ञा आधीच देऊन, जोडावे, स्टॅक फाइलमध्ये उतरवावेत आणि लगेच सोडावे. त्याहून खोलात जायचे असेल तर जीडीबीसोबतचे जीकोर वापरून प्रोसेस न मारता तिची कोर फाइल (मेमरीची संपूर्ण प्रत) काढावी आणि पुढचे सगळे वाचन दुसऱ्या यंत्रावर करावे. फक्त काही गिगाबाइट मेमरी डिस्कवर लिहिली जाईपर्यंत प्रोसेस थांबून राहील, हे आधी गृहीत धरावे.

प्रोसेस सीपीयू खात असेल तर निवड सोपी आहे. 2009 साली लिनक्स 2.6.31 सोबत आलेले पर्फ प्रोसेसला थांबवून ठेवत नाही. ते ठरावीक वेगाने, सहसा सेकंदाला 99 वेळा, प्रोसेस त्या क्षणी कोणत्या फंक्शनमध्ये आहे त्याची नोंद घेते. शंभर न घेता 99 घेण्याचे कारण असे, की ठरावीक अंतराने होणाऱ्या कामांच्या तालात नमुने अडकू नयेत. अर्ध्या मिनिटाच्या नोंदींवरून फ्लेम ग्राफ (कोणत्या फंक्शनमध्ये किती वेळ गेला याचे पट्ट्यांचे चित्र) काढला की घोडे नेमके कुठे पेंड खाते आहे ते रुंद पट्टीच्या रूपाने दिसते. अडचण येते ती स्टॅक अर्धवट दिसण्याची, कारण कंपायलर फ्रेम पॉइंटर (स्टॅकची साखळी उलगडायला लागणारी खूण) गाळून टाकतो. फेडोरा 38 आणि उबुंटू 24.04 पासून त्या वितरणांनी आपली पॅकेजेस फ्रेम पॉइंटरसह बांधायला सुरुवात केली आहे, आणि आपल्या स्वतःच्या बायनरीही तशाच बांधाव्यात. त्यामुळे वेगात होणारी किरकोळ घट निदानाच्या सोयीपुढे बहुतेक सेवांना परवडते.

आता ईबीपीएफ. यात लहानसा प्रोग्राम कर्नलमध्येच चढवला जातो, चढवण्यापूर्वी व्हेरिफायर तो सुरक्षित आहे ना ते तपासतो, आणि मोजणी कर्नलच्या आत होऊन बाहेर फक्त गोळाबेरीज येते. प्रत्येक घटनेला प्रोसेस थांबवावी लागत नसल्याने एसट्रेसच्या तुलनेत त्याचा भार फारच कमी असतो. हा विचार 2005 मध्ये सोलारिस 10 सोबत आलेल्या डीट्रेसने आधीच रुजवला होता. लिनक्सवर साधारणपणे 4.9 पासूनच्या कर्नलवर यातील बहुतेक साधने चालतात. डिस्कच्या विलंबाचे वितरण, पुन्हा पाठवलेली टीसीपी पॅकेट, थ्रेड सीपीयूबाहेर किती काळ आणि कुठे थांबले, ही माहिती तयार साधनांतून मिळते, आणि बीपीएफट्रेस या ईबीपीएफच्या छोट्या भाषेत एका ओळीत स्वतःचा प्रश्नही विचारता येतो. तरीही ‘भार नगण्य’ हे वाक्य आंधळेपणाने घेऊ नये. भार घटनांच्या संख्येवर ठरतो. मेमरी मागणाऱ्या मॅलॉकसारख्या सतत बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनवर यूप्रोब (प्रोग्राममधील फंक्शनवर बसवलेला ईबीपीएफचा टेहळणी-बिंदू) लावला तर प्रत्येक वेळी कर्नलमध्ये फेरी होते आणि सेवा चांगलीच मंदावते.

वरचाच पाच सेकंदांचा बिघाड चारही साधनांतून पाहिला तर फरक नीट कळतो. एसट्रेस तो थेट दाखवते. जीडीबीने नेमका त्या पाच सेकंदांत स्टॅक घेतला तर नाव शोधणाऱ्या ‘गेटॲड्रइन्फो’ या फंक्शनच्या खाली ‘पोल’ दिसते, एरवी नाही. पर्फमध्ये काहीच दिसत नाही, कारण वाट पाहणारा थ्रेड सीपीयू वापरत नाही. ईबीपीएफ साधनांच्या बीसीसी संचातील ‘गेटहोस्टलेटन्सी’ मात्र एका प्रोसेसच्या नव्हे, तर जीलिबसी वापरून नावे शोधणाऱ्या यंत्रावरील सगळ्या प्रोसेसच्या चौकशा वेळेसह दाखवते, आणि तेही सेवेला धक्का न लावता. बिघाड कोणत्या प्रोसेसमध्ये आहे हेच ठाऊक नसेल, तर माझे मत निःसंशय ईबीपीएफला.

जावा, पायथन किंवा गोमध्ये सेवा असेल तर आधी त्या भाषेचे स्वतःचे साधन पाहावे. ओपनजेडीके 11 पासून खुला झालेला फ्लाइट रेकॉर्डर (जावाचे नोंदी घेणारे साधन) सतत चालू ठेवता येण्याइतका हलका आहे. पायथनसाठी पाय-स्पाय (नमुने घेणारे साधन) आहे, आणि 3.14 पासून चालू प्रोसेसला पीडीबी (पायथनचा डीबगर) जोडण्याची अधिकृत सोयही आली आहे. एक सावधगिरी इथे आवर्जून सांगितली पाहिजे : क्विट सिग्नल पाठवला की जावाची प्रोसेस सर्व थ्रेडचे स्टॅक छापून पुढे चालू राहते, तर गोची प्रोसेस स्टॅक छापून संपते. दोन्ही भाषांतील सेवा सांभाळणाऱ्या चमूने हा फरक लिहूनच ठेवावा.

मोजकेच सर्व्हर असलेल्या छोट्या चमूने एसट्रेस आणि जीडीबी हात बसेपर्यंत शिकावीत. पर्फ गरजेपुरते पुरे. शेकडो कंटेनर चालवणाऱ्यांनी ईबीपीएफची साधने होस्टवर आधीच बसवून ठेवावीत, कारण यंत्रणा कोलमडलेली असताना ती बसवणे जमत नाही. दोघांनीही परवानग्या आधी तपासाव्यात. उबुंटूवर यामा या कर्नलच्या सुरक्षा-सोयीमुळे सामान्य वापरकर्त्याला आपल्याच, पण स्वतः सुरू न केलेल्या प्रोसेसला जोडता येत नाही, कुबरनेटीस 1.25 पासून स्थिर झालेल्या तात्पुरत्या (तपासणीसाठी चालू सेवेशेजारी जोडलेल्या) कंटेनरमधून जोडायचे तर पीट्रेसची परवानगी स्पष्टपणे द्यावी लागते. आणि कोर फाइल काढण्याची वेळ आलीच, तर तिच्यात पासवर्ड, टोकन आणि ग्राहकांची माहिती उघड्या स्वरूपात असते हे ध्यानात घेऊन ती कुठे ठेवायची, कोणी वाचायची आणि केव्हा पुसायची, हे ती काढण्यापूर्वीच ठरवावे.